आठवण मुस्तफाची, नाणं मात्र पॅक-मॅनला

प्रश्न असा आहे: दारव्हा तालुक्यातल्या एका गावात एसटी स्टँडजवळ एकाचा गाळा रिकामा आहे. तिथं पोरांसाठी लहानसा गेम झोन टाकायचा विचार चालू आहे. मुलगा म्हणतो, एक जुन्या धाटणीची, नाणं टाकून खेळायची उभी पेटी ठेवू आणि तिच्यात पॅक-मॅन लावू (चक्रव्यूहात दाणे खात फिरणारं पिवळं तोंड आणि त्याच्या मागावर चार भुतं, असा गेम). बाप म्हणतो, १९८० सालचा गेम, मोबाईलच्या जमान्यात त्याच्याकडं कोण पाहील? लोक अजून तो खेळतात ते नुसत्या जुन्या आठवणींपायी, की त्यात खरंच काही आहे, आणि आपल्या भागात तो चालेल का, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे.

मी अमरावती जिल्ह्यातला. गेमच्या पेट्या दुरुस्त करणं हा धंदा, आणि बरीच वर्षं यात्रांमध्ये पेट्या लावायचं कामही केलं. म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

आठवणींचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण आपल्याकडं तो लागूच पडत नाही. अमेरिकेतल्या पन्नाशीच्या माणसाला पॅक-मॅनचा आवाज ऐकून शाळेचे दिवस आठवत असतील. वऱ्हाडातल्या माणसाला आठवतो तो मुस्तफा. कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’ हे त्याचं कागदावरचं नाव, पण ते आपल्याकडं कुणी कधी घेतलं नाही. खेळायला मिळणाऱ्या चौघांतला मुस्तफा पोरांना सगळ्यात आवडला, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा झाला. दर्यापूर असो की अंजनगाव, व्हिडिओ गेमचं दुकान म्हटलं की मुस्तफाची पेटी आणि तिला चिकटलेले पोट्टे, हे ठरलेलं. पॅक-मॅन त्या काळात आमच्याकडं पेटीत जवळजवळ नव्हताच. टीव्हीला जोडायच्या गेमच्या त्या ‘९९९९९९९ इन १’ असल्या थापाड्या कॅसेटमध्ये तो कुठंतरी खाली असायचा, पण काँट्रा आणि मारियो सोडून पोरं तिथवर जायची नाहीत.

म्हणजे आपल्या लोकांच्या गाठीला पॅक-मॅनची आठवण नाहीच. तरी पुढं एकातच साठ गेम असलेले सर्किट बोर्ड बाजारात आले, त्यात पॅक-मॅन होता, आणि ती पेटी मुस्तफाच्या शेजारी लावली तर लोक तिच्यापाशी थांबायला लागले. ज्यांनी हा गेम जन्मात पाहिला नव्हता, असे लोक. आठवण वजा केल्यावर जे शिल्लक राहतं ते या गेमचं खरं बळ, आणि ते गेम जिथं जन्मला त्या टोकियोपेक्षा आपल्या यात्रेत जास्त स्वच्छ दिसतं.

बहिरमची यात्रा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: परतवाड्याहून बैतूलकडं जाणाऱ्या रस्त्यावर, डिसेंबरच्या विसाच्या आसपास सुरू होते आणि महिनाभर तरी हलत नाही. हंडीतलं मटण आणि रोडगे खायला लोक कुठून कुठून येतात. हंडी शिजायला वेळ लागतो, त्यामुळं यात्रेत मोकळी माणसं भरपूर. आमच्या पेट्यांच्या बाजूला एक मावशी बांगड्यांचं दुकान लावायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पदर खोचून आमच्याकडं येऊन उभी राहायची. मुस्तफाला तिनं कधी हात लावला नाही. “त्यात बटनं लय, अन् सारी मारामारी,” म्हणायची. पॅक-मॅन मात्र एका पोराच्या खांद्यावरून थोडा वेळ पाहिला आणि मला विचारलं, “हे पिवळं तोंड आपलं न? अन् हे चौघं त्याच्यावर टपून हायेत?” मी म्हटलं, हो. “मंग टाक एक शिक्का.” दुसरं काही सांगावं लागलं नाही. पहिल्या डावात लवकर मेली, आणि मेल्यावर हसून म्हणाली, “मीच गेली त्याच्या तोंडात.”

तिचं हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण माझं सगळं म्हणणं त्यात आलं. पॅक-मॅनमध्ये मेलेल्या माणसाला आपण का मेलो ते कळतं. गेमनं डाव केला असं वाटत नाही. आणि ज्याला आपली चूक दिसली, तो ती सुधारायला पुन्हा नाणं टाकतो. मुस्तफावर माझं प्रेम आहे, त्यानं माझं घर चालवलं, पण शेवटच्या बॉसपाशी तो तुमचा खिसा चाचपतो. नाणं घाला, पुन्हा जिवंत व्हा, पुन्हा मरा. पॅक-मॅनमध्ये पैसे देऊन तिथूनच पुढं जायची सोयच नाही. तीन जीव संपले की खेळ संपला, श्रीमंताचा पण आणि गरिबाचा पण.

बांगड्यावाल्या मावशीसारखी बाई पेटीपाशी यावी, हे मूळ जपानी माणसाच्या मनातच होतं. १९७८ साली स्पेस इनव्हेडर्स आला आणि जपानभर गेमची दुकानं निघाली, पण तिथं सगळे पुरुष आणि सगळ्या गेममध्ये गोळ्या झाडायच्या. नामको कंपनीतल्या तोरू इवातानी या पंचविशीतल्या पोरानं ठरवलं की बायका आणि जोडपी येतील असा गेम काढायचा, आणि त्यासाठी विषय घेतला खाण्याचा. मारायचं नाही, खायचं. २२ मे १९८० ला टोकियोच्या शिबुया भागात पहिली पेटी चाचणीसाठी लोकांपुढं ठेवली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मिडवे कंपनीनं तो अमेरिकेत आणला. खेळायला बटण एकही नाही, नुसती दांडी (जॉयस्टिक). भुतं पण अशी गोजिरी की लहान लेकराला भीती वाटू नये.

आता भुतांकडं येऊ, कारण गेम टिकला तो त्यांच्यामुळं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं चारही भुतं पॅक-मॅनच्या मागं पळतात. तसं असतं तर हा गेम कधीच विसरला गेला असता. चार भुतं एकाच रीतीनं मागं लागली तर थोड्या वेळात ती एकामागं एक रांगेत येतात, आणि मग त्यांना घेऊन गोल गोल फिरत बसलं की झालं. इवातानीनं चौघांना चार स्वभाव दिले.

लाल, म्हणजे ब्लिंकी, सरळ आहे. तुम्ही आत्ता नकाशाच्या ज्या घरात, म्हणजे चौकोनात, आहात तिकडं निघतो, बस. गुलाबी पिंकी तुमच्या मागं येत नाही, तुमच्या तोंडापुढची चार घरं मोजते आणि तिथं जायला पाहते. पोरं म्हणायची, “लालवाला मांगून येते बे, अन् गुलाबी वाट अडवते.” निळसर इंकीचं गणित तिरपागडं आहे: तुमच्या पुढचं दुसरं घर घ्या, लाल भुतापासून त्या घरापर्यंत रेघ ओढा, आणि ती रेघ तेवढीच पुढं वाढवा. त्या टोकाला इंकीला जायचं असतं. म्हणून लाल लांब असला की इंकी भलतीकडंच भटकतो, आणि लाल तुमच्या जवळ आला की हा पण जवळ येतो आणि दोघं मिळून दोन्हीकडून दाबतात. नारिंगी क्लाइडचं मन स्थिर नाही. आठ घरांहून लांब असला तर लालसारखा अंगावर येतो, त्याच्या आत आला की डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याकडं निघून जातो.

हे सगळं मी पुढं वाचून समजून घेतलं. पण गंमत अशी की यात्रेतल्या पोरांना हे न वाचता समजायचं. आठ घरं, चार घरं हे आकडे त्यांना ठाऊक नव्हते, पण “नारिंगीला नको भिऊ, थे येते अन् वापस जाते” हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल. खेळता खेळता माणूस चौघांची खोड ओळखायला लागतो, आणि एकदा खोड ओळखली की ती पडद्यावरची चित्रं राहत नाहीत, ओळखीची होतात. त्यांच्यावर राग येतो, कीव येते. एक पोट्टा तर गुलाबीला शिव्या घालायचा आणि लालला ‘साहेब’ म्हणायचा.

आणखी एक नियम असा की भुतांना वाटेत उलटं फिरता येत नाही. वळायचं तर पुढच्या फाट्यावर. गेम ज्या वेळी त्यांचा पवित्रा बदलतो तेवढ्याच वेळी ती गर्रकन मागं फिरतात. या नियमामुळं हुलकावणीला जागा मिळते. ज्यांनी आपल्याकडं आट्यापाट्या खेळला आहे त्यांना हे सांगायची गरज नाही. पाटीवाला आपली पाटी सोडू शकत नाही, म्हणून तुम्ही डावीकडं हूल देऊन उजवीकडून निघता. पॅक-मॅनमध्ये पिंकीला अशीच हूल देता येते. ती समोरून येत असेल तर घाबरून पळू नका, तिच्याकडंच तोंड करून चाला. तुमच्या पुढचं चौथं घर आता तिच्या पाठीमागं पडतं, आणि मध्ये फाटा असला तर ती तुम्हाला सोडून बाजूला वळते. मध्ये फाटा नसेल तर मात्र मेलात. हे पहिल्यांदा जमलं की माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी पेटीच्या काचेत पुष्कळदा पाहिलं आहे. त्या क्षणानंतर तो माणूस त्या दिवशी घरी जात नाही.

दुसरी मेख वेगात आहे, आणि ती मला सगळ्यात हुशारीची वाटते. पूर्ण वेगाला १०० धरा. पहिल्या पातळीवर भुतं ७५ नं चालतात. पॅक-मॅन रिकाम्या वाटेवर ८० नं पळतो, म्हणजे भुतांपेक्षा जास्त. पण दाणे खात निघाला की त्याचा वेग ७१ वर येतो, म्हणजे भुतांपेक्षा कमी. गेमचं काम काय, तर दाणे खाणं. आणि दाणे खाल्ले की भूत जवळ येतं. खाऊन झालेली वाट म्हणजे पळायची वाट. त्यामुळं अनुभवी खेळणारा सगळं एका दमात खात नाही, अडचणीला पळायला रस्ते मोकळे करत जातो. बाजूच्या बोगद्यात भुतं ४० वर येतात, म्हणून नवखा माणूस सारखा बोगद्यात शिरतो. ते पण ठीक आहे, पण तिकडंच राहिलं तर बाकीचे दाणे कोण खाणार?

आणि लोभ. पडद्यावर लहान दाणे २४०, दहा गुणांचा एक. टपोरे दाणे ४, पन्नास गुणांचा एक. सगळं साफ केलं तरी २,६०० गुण. पण टपोरा दाणा खाल्ला की भुतं निळी पडतात, आणि एकापाठोपाठ चौघांना खाल्लं तर २००, ४००, ८००, १,६०० असे ३,००० मिळतात. चारही टपोऱ्या दाण्यांवर चारही भुतं खाल्ली तर १२,०००. म्हणजे पातळी पार करायला दाणे पुरेत, आणि नाव करायचं तर भुतांच्या मागं जा. पहिल्या पातळीवर भुतं सहाच सेकंद निळी राहतात. चौथ्या भुताच्या मागं गेलेला माणूस, भूत पुन्हा रंगावर आलं आहे आणि आपण त्याच्या तोंडाशी उभे आहोत, अशा वेळी जो आवाज काढतो, त्यावर शेजारचं रोडग्याचं दुकान हसायचं. पुढच्या पातळ्यांवर निळी वेळ एकंदरीत घटत जाते आणि एकोणिसाव्या पातळीपासून भुतं निळी पडतच नाहीत. तिथवर पोचलेला गडी आमच्याकडं विरळाच.

जी गोष्ट खेळणाऱ्याच्या लक्षात येत नाही पण अंगाला कळते ती म्हणजे उसंत. भुतं सतत मागं लागत नाहीत. पहिल्या पातळीवर सात सेकंद ती आपापल्या कोपऱ्याकडं जातात, मग वीस सेकंद पाठलाग, पुन्हा सात सेकंद कोपरा, पुन्हा वीस. त्यानंतर दोनदा पाच-पाच सेकंदांची सूट मिळते, आणि मग पाठलाग थांबत नाही. माणसाला सारखं हाकलत राहिलं तर तो कंटाळतो, हे इवातानीनं ओळखलं होतं. या लाटांमुळं दोन-तीन मिनिटांच्या खेळात पण चढउतार येतो. दाणे कमी होतील तसा मागचा भोंग्यासारखा आवाज चढत जातो, आणि पहिल्या पातळीवर वीस दाणे उरले की लाल भूत वेग वाढवतं, दहा उरले की आणखी. खेळणारा सांगू शकत नाही काय झालं, पण त्याचा हात दांडीवर घट्ट होतो. दुसरी पातळी संपली की एक लहानशी गंमत दाखवतात: लाल भूत पॅक-मॅनच्या मागं पळत जातं, आणि परत येताना निळं पडलेलं ते भूत पुढं आणि भलामोठा पॅक-मॅन मागं. हे पाहायला पोरं दुसऱ्याच्या डावावर दुसरी पातळी पार व्हायची वाट पाहत थांबतात.

मागं उभं राहणाऱ्यांबद्दल धंदेवाल्याच्या नजरेनं बोलतो. गेमच्या पेटीचं खरं गिऱ्हाईक मागं उभं असतं. जो गेम मागच्याला कळत नाही, त्याच्यापुढं रांग लागत नाही. पॅक-मॅनचा अख्खा नकाशा एकाच पडद्यावर आहे, काही लपत नाही, सरकत नाही. किती खाल्लं, किती उरलं, कोण कुठं आहे, सगळं खांद्यावरून दिसतं. त्यामुळं मागचे बोलायला लागतात. “वर नको जाऊ बे, गुलाबी तिथंच हाय.” “काहून थांबला, बोगद्यात घुस.” सल्ला देणारा स्वतः खेळला की सगळ्यांसमोर मरतो, आणि मग त्याची जी फजिती होते तीच पुढच्या नाण्याची जाहिरात. मोबाईलवर हाच गेम फुकट मिळतो, पण मोबाईलच्या पडद्यावर मागून बोलणारं कुणी नसतं. बापाला सांगायचं ते हे.

एक शंका तुमच्या मनात येईल. भुतं ठरलेल्या नियमानं चालत असतील तर पाठ करून कुणीही जिंकेल. बरोबर. भुतांच्या चालीत नशीब नाही. निळी असताना ती जिकडं तिकडं वळतात, पण तेही दर वेळी एकाच ठरलेल्या क्रमानं. तुम्ही अगदी तीच चाल, त्याच वेळेला केली तर भुतं पण तेच करतात. अमेरिकेत लोकांनी अशा चाली पाठ केल्या, एका नाण्यावर तासन् तास पेट्या अडवल्या, तेव्हा दुकानदारांनी वेग वाढवणाऱ्या चिपा बसवल्या. १९८२ ला आलेल्या मिस पॅक-मॅनमध्ये चार वेगवेगळे नकाशे दिले आणि पातळीच्या सुरुवातीला काही भुतांची चाल बेभरवशी केली, तेही याचसाठी. माझा अनुभव असा की आपल्याकडं पाठांतराची भीती बाळगू नका. पाठ करणारा पोरगा मशीन अडवत नाही, गर्दी जमवतो. २५६ व्या पातळीवर तर मशीनचाच मोजणी करणारा आकडा संपतो, पडद्याचा उजवा अर्धा भाग कचऱ्यानं भरतो आणि पुढं जाता येत नाही. आधीच्या २५५ पातळ्यांवर एकही जीव न गमावता सगळं खाल्लं आणि या शेवटच्या पातळीवर उरलेले जीव वापरून मिळेल तेवढं खाल्लं तर जास्तीत जास्त ३३,३३,३६० गुण होतात. दारव्ह्यात त्याची काळजी करू नका.

आता पेटीकडं. गेम कितीही चांगला असला तरी दांडी वाईट असेल तर तो मरतो, आणि नव्याण्णव टक्के ठिकाणी मी हेच पाहतो. साठ गेमची तयार पेटी मागवली तर तिला बहुतेक आठ दिशांची दांडी बसवलेली येते. पॅक-मॅन चार दिशांचा गेम आहे, त्याची मूळ दांडी पण चारच दिशांची होती. आठ दिशांच्या दांडीवर पोरगा वर वळायला जातो, हात थोडा तिरपा होतो, दोन स्विच एकदम दाबले जातात आणि पॅक-मॅन वळण सोडून सरळ जातो. सरळ पुढं गुलाबी बसलेली असते. पोराला वाटतं गेम फसवतो. मघाशी मी जे सांगितलं, की मेलेल्याला आपली चूक कळते, ते सगळं या एका दांडीपायी वाया जातं. म्हणून पेटी आली की आधी दांडी बसवलेला पाट उघडा, दांडीच्या खालची प्लेट पाहा. बऱ्याच दांड्यांची प्लेट चार स्क्रू ढिले करून फिरवता येते आणि तिरप्या दिशा बंद होतात. फिरत नसेल तर सरळ चार दिशांची दांडी घेऊन बसवा, पैसे वाचवायची ही जागा नाही. पारखायची रीत: लांब गल्लीतून डावीकडं जाताना फाटा यायच्या जरा आधीच दांडी वर दाबून धरा. पॅक-मॅन कोपरा कापून आपसूक वळला पाहिजे. हे कोपरा कापणं फक्त पॅक-मॅनला येतं, भुतांना नाही, आणि अंगावर आलेल्या लालपासून वाचायचा तोच मोठा उपाय. दांडीमुळं ते जमत नसेल तर गेमचा अर्धा जीव गेला.

पडदा उभा पाहिजे. मूळ चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं आहे, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. आडव्या एलसीडीवर ते ताणून बसवलेलं मी एका मॉलमध्ये पाहिलं, पॅक-मॅन पार पापडासारखा पसरलेला. एलसीडी उभा फिरवून लावा.

विजेचं तुम्हाला सांगायला नको. चांगला स्टॅबिलायझर लावा, आणि पाच व्होल्ट सप्लायपाशी मोजून समाधान मानू नका, बोर्डाच्या टोकाशी मोजा. लांब, बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि मग ऐन खेळात मशीन रीसेट होते. दारव्ह्याच्या बाजूला कापसाचा सीझन चालू असला की हवेत रुई उडते, ती पेटीच्या पंख्यात बसते. आठवड्याला ब्रश मारा. उन्हाळ्यात पेटीचं मागचं दार भिंतीला चिकटवून ठेवू नका.

सेटिंगमध्ये जीव तीनच ठेवा आणि १०,००० गुणांवर एक जास्तीचा. काही जण गल्ला लवकर भरावा म्हणून एका जीवावर आणतात, त्यांच्याकडं पोरगं दोनदा खेळतं आणि तिसऱ्यांदा येत नाही. वेग वाढवायची सोय बोर्डात असली तरी सुरुवातीला मूळ वेगच ठेवा, नवख्याला भुतांची खोड ओळखायला वेळ मिळाला पाहिजे. आवाज बंद करू नका, हळू ठेवा. त्या आवाजावरच खेळणाऱ्याला कळतं किती दाणे उरले. पेटी दाराकडं पाठ करून लावू नका. स्टँडवरून जाणाऱ्याला पडदा तिरपा तरी दिसला पाहिजे, आणि मागं चार-पाच जण उभे राहतील एवढी जागा सोडा. पीएस (प्लेस्टेशन) लावणार असाल तर ते मात्र आत ठेवा, त्यांना बघ्यांची गरज नाही.

साठातले सगळे गेम दाखवायचे की नाही? नाही. यादीत साठ दिसले की पोरगं निवडण्यातच वेळ घालवतं. पॅक-मॅन, मिस पॅक-मॅन, गॅलागा, डाँकी काँग एवढे ठेवा, बाकी बंद करा. मिस पॅक-मॅन माझ्या मते खेळ म्हणून जास्त चांगला आहे, पण सुरुवात पॅक-मॅनवरच होते, कारण त्याचा नकाशा बदलत नाही.

दोन गोष्टी कागदपत्रांच्या. हे साठ गेमवाले बोर्ड मूळ कंपन्यांच्या परवान्याविना बनलेले असतात. पॅक-मॅनचे हक्क आज बंदाई नामकोकडं आहेत, आणि परवान्याच्या तयार पेट्याही बाजारात मिळतात. महाग पडतात, पण दुकान रीतसर चालवायचं तर तोच रस्ता. आणि गाळ्यावर पाटी लावायच्या आधी परवान्याची चौकशी तहसील आणि पोलिस ठाण्यात करा. व्हिडिओ गेमच्या पाटीखाली जुगाराच्या मशिनी चालवणाऱ्यांनी या धंद्याचं नाव खराब केलं आहे, त्यामुळं तुमच्याकडं पैसे परत देणारी एकही मशीन नाही हे पहिल्याच दिवशी दाखवून द्या.

दर किती ठेवावा हे तुमच्या गावावर आहे, पण पॅक-मॅनचा दर पीएसच्या अर्ध्या तासाशी जोडू नका. डावाला दहा रुपये, आणि दिवसाचा सगळ्यात मोठा आकडा खडूनं पाटीवर लिहायचा, खाली पोराचं नाव. बोर्ड बंद केला की बऱ्याच मशिनींतले आकडे पुसले जातात, पाटीवरचे राहतात.